इंटरनेट गेले की संगणक का रेंगाळतो?



ऊसनोंद, तोडणी कार्यक्रम, काट्यावरचे वजन आणि बिलाचा हिशोब हे सारे आता संगणकावर आले आहे. पुष्कळ सभासदांच्या घरचा हिशोबही वहीऐवजी मुंबईकडे नोकरीस असलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर असतो. म्हणून या वेळी खत-पाण्याचा विषय बाजूला ठेवून एका तक्रारीविषयी लिहीत आहोत. "साहेब, नेट गेलं की मशीनच बसतं. साधी फाईलसुद्धा उघडत नाही."

आमच्या एका सभासदांचे चिरंजीव बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये राहतात. वडिलांच्या उसाची लागण तारीख आणि नोंदीच्या पावत्यांचे फोटो त्यांच्याकडे. नोंदयादीत लागणीची तारीख आठ दिवसांनी पुढे पडली होती आणि हरकतीची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. तारीख चुकली की तोडणीची पाळी मागे जाते आणि उन्हाळ्यात उभ्या उसाचे वजन कसे घटते हे आपणांस सांगायला नको. नेमकी त्याच दुपारी कात्रपची वीज गेली, मागोमाग नेट गेले, आणि लॅपटॉप रेंगाळू लागला. पावती शेवटी एका जुन्या मोबाईलमध्ये सापडली म्हणून निभावले. चिरंजीव मात्र नवीन लॅपटॉप घ्यायला निघाले होते. कामानिमित्त आम्ही तिकडे गेलो असता म्हटले, थांबा, आधी रोग ओळखू.

ऊस पिवळा पडला की काहीजण डोळे मिटून युरिया टाकतात. तो केवडा असेल, म्हणजे लोहाची कमतरता असेल, तर युरिया वाया जातो. येथेही तसेच आहे. वीज गेली की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. लॅपटॉप बॅटरीवर जातो व वीज वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो. आणि नेट जाते. दोष कोणाचा हे कळायचे तर दोन्ही वेगळे करून पाहावे लागतात.

वीज असताना, नेट चालू ठेवून, आम्ही चार्जर काढला. यंत्र किंचित मंदावले, पण फाईल उघडली. मग चार्जर लावला आणि राउटरला बाहेरून येणारी केबल काढली. यंत्र लगेच बसले! तिसऱ्या खेपेस केबल तशीच बाहेर ठेवून लॅपटॉपचे वायफायही बंद केले. हिशोबाची फाईल चटकन उघडली. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे अर्धवट नेटपेक्षा अजिबात नसलेलं बरं?" अगदी तसेच.

याचे कारण असे. वायफाय पूर्ण बंद असले की रस्ताच नाही हे संगणकाला ताबडतोब कळते व तो नाद सोडतो. परंतु राउटर छोट्या बॅटरीवर चालू असेल आणि पुढची लाईन मेलेली असेल, तर संगणकाला वायफायचे चिन्ह दिसत राहते. रस्ता आहे असे समजून तो हाका मारतो आणि उत्तराची वाट पाहतो. विंडोजची जुनी पद्धत अशी, की पहिल्या हाकेनंतर ३ सेकंद, दुसरीनंतर ६ आणि तिसरीनंतर १२ सेकंद थांबायचे; एका जोडणीसाठी २१ सेकंद गेले. काट्यावर एक ट्रॉली अडकली की मागची सारी वाहने इंजिन चालू ठेवून उभी राहतात, तसाच हा प्रकार. यंत्र दमलेले नसते, खोळंबलेले असते.

हे तपासायला कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर व डिस्कचे आकडे अगदी कमी असून पडदा मात्र गोठलेला असेल तर समजावे की तो वाट पाहतो आहे. आकडे शंभराच्या घरात असतील तर कोणता तरी प्रोग्राम खरोखर राबतो आहे. त्याचे नाव यादीत दिसते.

कात्रपच्या यंत्रात वाट पाहायला लावणारे तिघे निघाले. एक, ऑफिसातील सामायिक डिस्क, जी 'झेड' नावाने कायम जोडलेली होती. दोन, ऑफिसातलाच प्रिंटर, जो नेहमीचा म्हणून निवडलेला होता. एक्सेल फाईल उघडताना प्रिंटरची चौकशी करते हे फारसे कुणाला ठाऊक नसते. नेहमीचा प्रिंटर म्हणून पीडीएफ निवडला की हा खोळंबा जातो. सामायिक डिस्क मात्र ऑफिसच्या माणसाला विचारूनच काढावी.

तिसरा वनड्राइव्ह, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा. फाईलच्या नावाशेजारी ढगाचे चिन्ह असेल तर ती फाईल आपल्या यंत्रात नाहीच. नेट नसताना ती काही केल्या उघडणार नाही. पावत्यांच्या फोटोंना हेच चिन्ह होते. फोल्डरवर उजवे बटण दाबून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडावे आणि भरीव हिरवी खूण येईपर्यंत थांबावे. हे नेट चालू असतानाच करावे लागते. विहीर आटल्यावर पाईप टाकून उपयोग नाही. अँटीव्हायरस मात्र वेगासाठी बंद करू नये.

नवीन लॅपटॉपचे पैसे वाचले. बदलापूरकडे ही तयारी ठेवलेली बरी. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

ऊसवाल्यांना संगणकाची ही अडचण नवी नाही. १९९८ मध्ये वारणा परिसरात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यांपैकी सात गावांत आठ महिने तीच कामे मोबाईलच्या साध्या संदेशांवर करून पाहिली. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना अधिक आवडलेही. आमच्या मते त्यात नवल नाही. फोन बंद असला तरी संदेश तिकडे थांबून राहतो, माणसाला थांबावे लागत नाही.

तेव्हा सभासदांनी मुलांना एवढे सांगावे: नेट गेले की प्रथम वायफाय बंद करून पाहा, आणि नोंदीच्या पावत्या यंत्रात उतरवून ठेवा. मूळ कागदी पावती मात्र गावीच, ट्रंकेत असू द्यावी.