निदानार्थकर रोग आणि फुफ्फुसातील बुरशी

एक रोग दुसऱ्या रोगाचे कारण होतो, तेव्हा त्या पहिल्या रोगास आपल्या शास्त्रात निदानार्थकर रोग म्हटले आहे. प्रतिश्यायापासून कास व कासापासून क्षय ही परंपरा चरकसंहितेच्या निदानस्थानात सांगितली आहे. तीव्र विषाणुजन्य ज्वरात फुफ्फुसावर होणारे बुरशीचे आक्रमण याच दृष्टीने अभ्यासावयास हवे. प्रस्तुत लेखात त्याची संप्राप्ती, लक्षणे व आपली मर्यादा यांचा विचार करू.

संप्राप्ती : ॲस्परजिलस ही बुरशी कुजणारा पालापाचोळा, दमट धान्य व माती यांत सर्वत्र असते. तिचे बीजाणू सुमारे २ ते ३ मायक्रॉन आकाराचे असल्याने ते श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. निरोगी मनुष्यात श्वासमार्गाची श्लेष्मल त्वचा व भक्षक पेशी त्यांचा नाश करतात. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूने ही त्वचा सोलवटते, तर स्टिरॉइडमुळे भक्षक पेशी दुर्बळ होतात. अशा प्रकारे व्याधिक्षमत्व ढासळले म्हणजे बीजाणूंना तंतू फुटतात. हे तंतू रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करतात, तेथील धातूंचा कोथ होतो व कफाबरोबर रक्त पडू लागते.

व्याप्ती : बेल्जियम व नेदरलँड्समधील सात अतिदक्षता विभागांत २००९ ते २०१६ या काळात दाखल झालेल्या इन्फ्लुएन्झाच्या ४३२ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८३ जणांस, म्हणजे १९ टक्क्यांस, हा उपद्रव झाला होता. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीपासून क्षीण नव्हती, त्यांच्यातही हे प्रमाण १४ टक्के होते. उपद्रव झालेल्यांपैकी ५१ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले. इतरांत हे प्रमाण २८ टक्के होते.

२०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत आढळले. तेथे नाक, सायनस व डोळा ही प्रमुख स्थाने होती, तथापि फुफ्फुसही सुटले नव्हते. अनियंत्रित मधुमेह व स्टिरॉइडचा अतिरेक ही ठळक कारणे होती. वास्तविक, डेक्सामेथासोनचा लाभ प्राणवायू लागणाऱ्या कोविड रुग्णांनाच होतो, हे ब्रिटनमधील चाचणीने जून २०२० मध्येच दाखविले होते. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीविना स्टिरॉइड देऊ नये, हा नियम किती मोलाचा आहे, हे यावरून ध्यानी यावे.

लक्षणे : ज्वर उतरून पुन्हा चढणे, छातीत टोचणे, कफात रक्त, वाढता श्वास, योग्य प्रतिजैविके देऊनही उतार न पडणे. रुग्ण मधुमेही असेल वा स्टिरॉइड घेत असेल, तर एकही दिवस दवडू नये. साध्या क्ष-किरण चित्रावरून निर्णय होत नाही; सीटी स्कॅन व श्वासनलिकेतून काढलेल्या द्रवाची गॅलॅक्टोमॅनन तपासणी आवश्यक ठरते. ही तपासणी म्युकर मात्र ओळखत नाही.

चिकित्सा : ॲस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल वा आयसाव्हुकोनॅझोल देतात. म्युकरवर व्होरिकोनॅझोल निरुपयोगी असून ॲम्फोटेरिसिन बी व शस्त्रकर्म यांचा आश्रय घ्यावा लागतो. ही चिकित्सा रुग्णालयातच व्हावयास हवी. केवळ काढे व रसायने देऊन कालहरण केल्यास रुग्ण हातचा जाईल.

आपल्या औषधांविषयीही सावध असावे. ॲम्फोटेरिसिनने रक्तातील पोटॅशियम घटते. यष्टीमधूच्या अधिक सेवनानेही तेच घडते. दोन्ही एकत्र आल्यास हृदयगती बिघडण्याचे भय असते. पिंपळी व मिरी यांतील पिपेरिन अनेक औषधांचे यकृतातील पचन मंदावते. म्हणून व्होरिकोनॅझोल चालू असता त्रिकटुयुक्त कल्प तज्ज्ञांस विचारल्याविना देऊ नयेत. रुग्णास पाठविताना दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव व मात्रा चिठ्ठीवर लिहावी.

रसायनचिकित्सेचा काळ पुढे, रुग्ण संकटातून बाहेर पडल्यावर येतो. तोवर उपद्रव वेळीच ओळखणे व रुग्णास योग्य स्थळी पोहोचविणे, हेच आपले वैद्यकर्म होय. वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनी आपल्या नित्य व्यवहारात याचे स्मरण ठेवावे, ही विनंती.