बिदरी फुलदाणी : पण ती बनवली कोणी?



'मौल्यवान वस्तू सांगा' म्हटलं की मुलं पटकन 'सोनं' म्हणतात. रशियाच्या झारचंही तसंच होतं. १८८५ साली फॅबर्जे यांच्या पेढीने तिसऱ्या अलेक्झांडरसाठी सोन्याचं, मीनाकाम केलेलं अंडं घडवलं. मीना म्हणजे काचेची पूड भट्टीत वितळवून धातूवर बसवणे.

आपल्या शेजारच्या बीदरमध्ये मात्र जस्तासारख्या साध्या धातूच्या फुलदाण्या दरबारात पोचल्या. परभणीहून गंगाखेड, परळी, उदगीरमार्गे रेल्वे बीदरला जाते. १९५६ पर्यंत परभणी आणि बीदर हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते.

बिदरीकाम असे होते :

१. जस्त भरपूर आणि तांबे थोडे घेऊन वितळवतात, साच्यात ओततात.
२. भांडे घासून गुळगुळीत करतात. नक्षी दिसावी म्हणून मोरचूदाचे पाणी लावून तात्पुरते काळे करतात.
३. टोकदार हत्याराने हाताने नक्षी काढतात आणि ती कोरतात.
४. कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात.
५. पुन्हा घासून, किंचित गरम करून, बीदर किल्ल्यातली माती व नवसागर यांचा लेप चोळतात. धातू काळाकुट्ट होतो, चांदी मात्र पांढरीच राहते!

मिश्रधातू आणि रासायनिक बदल शिकवायला याहून जवळचं उदाहरण कुठलं?

वर्गात रसायने नकोत. काळ्या कार्डशीटवर चंदेरी कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवून घ्या. एक वेल पूर्ण करताना बोटं किती दुखतात, हे मुलांना आपोआप कळतं.

मग एक प्रश्न नक्की विचारा, "ही फुलदाणी कोणी बनवली?" 'राजाने' असं उत्तर आलं, तर तिथे थांबा. राजाने ती विकत घेतली, बनवली कारागिराने. फॅबर्जे हे नाव जगाला माहीत आहे, पण जुन्या बिदरी भांड्यांच्या बहुतेक कारागिरांची नावं आपल्याला माहीत नाहीत. म्हणूनच २०२३ मध्ये बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, ही गोष्ट फळ्यावर लिहा.

१९१७ च्या क्रांतीनंतर झारही गेला आणि ती पेढीही बंद पडली. निजामाचं राज्य १९४८ साली गेलं, बिदरी मात्र टिकली. २००६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता ती टिकवायची, तर राजे येणार नाहीत. ओळखणारे आणि विकत घेणारे आपणच. ती ओळख आपल्या वर्गातून व्हावी, एवढंच.