अहमदनगरचा भुईकोट : गोल तटाचे गणित

28 मे हा अहमदनगरचा स्थापनादिन मानला जातो. 2024 पासून या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. 1490 साली याच दिवशी मलिक अहमदने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला. पुढे सीना नदीकाठी शहर वसले आणि जवळच मातीचा कोट उभा राहिला. हुसेन निजामशहाने 1559 ते 1562 या काळात तो काळ्या घडीव दगडात बांधून काढला. स्थापनादिनी आपण राजांची नावे घेतो. आज गवंड्यांचे आणि बेलदारांचे शहाणपण पाहू या. ते तटाच्या आकारात वाचता येते.

डोंगरी किल्ल्याचे निम्मे रक्षण कडेच करतात. सपाटीवर कडे कुठून आणणार? तिथे सगळा भार तटावर. म्हणून कमीत कमी तटात जास्तीत जास्त जागा सामावली पाहिजे. असा आकार कोणता बरे?

हिशेब करू या. या किल्ल्याचा घेर सुमारे 1,680 मीटर आहे. एवढ्याच तटाचा चौरस बांधला, तर बाजू 420 मीटर आणि क्षेत्रफळ 1,76,400 चौरस मीटर येईल. वर्तुळ केले, तर त्रिज्या सुमारे 267 मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे 2,24,600 चौरस मीटर! तेवढाच दगड, तेवढाच चुना. पण जागा जवळजवळ सव्वापट. नगरचा कोट अगदी काटेकोर वर्तुळ नसला, तरी त्याच्या जवळचा आहे.

गोल तटाला टोकदार कोपरे नसतात, हा दुसरा फायदा. कोपऱ्यावर शत्रू दोन बाजूंनी मारा करू शकतो. मात्र सरळ उभ्या तटावरून त्याचा पायथा दिसत नाही. ही उणीव बुरूज भरून काढतात. ते तटाबाहेर डोकावतात. त्यामुळे पायथ्याशी आलेल्या शत्रूवर बाजूने मारा करता येतो.

आता खंदक पाहा. तो ओलांडणे अवघड, हे उघडच आहे. पण खंदकाबाहेरच्या मातीच्या उताराचे काम पटकन ध्यानात येत नाही. दूरच्या तोफेला या उतारामुळे तटाचा खालचा भाग दिसतच नाही. त्यावर येणारा गोळा मऊ मातीत रुततो आणि त्याचा वेग तिथेच जिरतो.

मग एवढा भक्कम कोट कधी पडलाच नाही का? पडला. तटाची खरी परीक्षा जमिनीखालून झाली. 1595-96 मध्ये मोगलांनी वेढा घालून सुरुंग खणले. आतल्या लोकांनी काही सुरुंग शोधून निकामी केले. पण एकाच्या स्फोटाने तटाला खिंडार पडले. चांदबिबीने खिंडार लढवले आणि रातोरात ते बुजवून घेतले. शेवटी तह झाला. 1600 साली मात्र किल्ला मोगलांकडे गेला.

हीच युक्ती जगात अन्यत्रही दिसते. अमेरिकेत डॅनियल बून याने 1775 साली वसवलेल्या बून्सबरोला लाकडी ओंडक्यांचा चौकोनी कोट होता. जंगलात लाकूड मुबलक, म्हणून कोट लाकडाचा. 1778 च्या वेढ्यात शॉनी लोकांनी त्याच्याकडेही भुयार खणले. ते पावसाने ढासळले. तो कोट काळाच्या ओघात नाहीसा झाला. आज तिथे दिसते ती प्रतिकृती. आपला दगडी तट अजून उभा आहे. 1942 साली पंडित नेहरू आणि काँग्रेसचे इतर नेते याच तटाआड कैदेत होते, आणि नेहरूंनी ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ इथेच लिहिला.

करून पाहा : 44 सेंटिमीटर दोरा घ्या व त्याची टोके जोडा. आलेख कागदावर त्याचा आधी चौरस, मग वर्तुळ करा. आतले चौरस मोजा. एकदा 121 आणि एकदा 154 च्या आसपास चौरस सेंटिमीटर आले पाहिजेत.

पुढच्या स्थापनादिनी शिक्षकांबरोबर आपल्या गावची वेस, गढी किंवा कोट पाहायला जा. घेर पावलांनी मोजा, दगड कोणता ते पाहा, नकाशा काढा आणि तारीख घालून वर्गात लावा. उद्या तिथला एखादा दगड ढासळला, तर तो मुळात कुठे होता हे तुमच्या नकाशावरून सांगता येईल.