या खेपेला कोणाची पाळी?

चि. सौ. मुग्धास,


काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, अनिकेतला पगार सिंगापूरला जास्त आहे, श्टुटगार्टला कमी. बाकी नंतर बघू." त्या बाकीत तुझी अख्खी प्रॅक्टिस आहे गं, ती आधी बघ.

सिंगापूरला तू डिपेंडंट पासवर जाशील. पूर्वी त्या पासवर नुसत्या परवानगीपत्रावर नोकरी करता यायची. मे २०२१ पासून ते बंद झालं, आता नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो. जर्मनीत नवऱ्याकडे ब्लू कार्ड असेल तर बायकोलाही काम करायची मुभा असते. पण व्हिसाने मुभा दिली म्हणून कोणी तुला रुग्णाच्या तोंडाला हात लावू देणार नाही. दातांच्या डॉक्टरला तिथे 'अ‍ॅप्रोबेशन' लागतं, म्हणजे प्रॅक्टिसचा कायमचा परवाना. त्यासाठी बी-२ पातळीपर्यंत जर्मन हवं, शिवाय दवाखान्यातल्या भाषेची वेगळी परीक्षा. २० मिनिटं रुग्णाशी बोलायचं, २० मिनिटांत ते लिहून काढायचं, आणि मग तेवढ्याच वेळात दुसऱ्या डॉक्टरला केस समजावायची. आपली बीडीएस त्यांच्या पदवीच्या तोडीची नाही असं ठरलं, तर विषयाची परीक्षा निराळी. यात दोन-तीन वर्षं सहज जातात.

ती वर्षं तू संसारासाठी देणार आहेस, हे निघायच्या आधी दोघांनी मोकळेपणी बोला. माझं सांगणं एवढंच की, दर वेळी देश बदलताना पाळी ठरवा. या खेपेला अनिकेतची असेल तर खुशाल असू दे. पण पुढचं गाव तुझ्या कामावरून ठरेल, हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय विमानात बसू नकोस. अमेरिकेत नवऱ्यामागे एच-४ व्हिसावर गेलेल्या बायकांना २०१५ पर्यंत कामाची परवानगीच नव्हती. अजूनही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची गाडी ठरावीक टप्प्याला पोचल्याशिवाय ती मिळत नाही. नंतर बघू, नंतर बघू म्हणत चांगल्या शिकल्या-सवरल्या मुली घरी बसल्या.

तुझे काका माझ्या नोकरीपायी दुबईला आले, तेव्हा साताऱ्यात लोक विचारायचे, "बायकोच्या व्हिसावर?" काका म्हणायचे, "हो, भाडंही तीच भरते." पुढे त्यांच्या कामासाठी पुण्याला परतलो, तेव्हा माझी बढती तोंडावर आली होती. चरफडले मी, चांगली चार दिवस धुसफुसले. पण पाळी त्यांची होती.

माझं मत जर्मनीच्या बाजूने आहे. अनिकेतला पुढे जाऊ दे. तू इथलं क्लिनिक चालू ठेवून मॅक्सम्युलर भवनात नाव घाल आणि निदान बी-१ करूनच नीघ. नव्या लग्नात वेगळं राहायचं का, असं सासूबाई विचारतील. विचारू देत. त्या परवान्याच्या अर्जासाठी कॉलेजकडून कोणत्या विषयाला किती तास शिकवलं याचा शिक्क्याचा तक्ता इथे असतानाच घे. तिथून पत्रव्यवहार करून मिळवायचा म्हणजे जिवावर येतं. आणि तुझी कमाई थांबेल तेवढा काळ त्याने दरमहा तुझ्या खात्यात पैसे टाकायचे, तुला मागावे न लागता. यात लाजण्यासारखं काही नाही.

रविवारी दोघं जेवायला या. अनिकेतला दोन्ही ऑफर लेटरं आणायला सांग. बारीक अक्षरातल्या अटी वाचायची काकांना भारी हौस आहे.

तुझी,
मावशी