आधी पाणी मोजा, मग यंत्र घ्या

गीझरची कॉइल वर्षा-दोन वर्षांत जळते, नळाच्या जाळीवर पांढरे खडे बसतात, धुतलेले टॉवेल वाळल्यावर कडक होतात. अशा घरात सॉफ्टनर विकणारा आला, की पाण्यात टीडीएस मीटर बुडवतो, मोठा आकडा दाखवतो आणि पन्नास हजारांचं यंत्र सुचवतो. सही करण्याआधी थोडं थांबा. अनेक घरांचं काम काही शे रुपयांत भागतं. ज्यांना यंत्र खरोखरच हवं, त्यांनाही बहुतेक वेळा लहान यंत्र पुरतं.

टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे

टीडीएस मीटर पाण्यातल्या सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा मिळून अंदाज देतो. उपकरणांवर थर धरतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यांचं प्रमाण म्हणजे जडपणा, आणि तो किती आहे हे त्या मीटरवर कळत नाही. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात टीडीएस भरपूर असतो, पण त्यात सोडियमचा वाटा मोठा. सॉफ्टनर फक्त जडपणा काढतो, त्यामुळे तिथे तो बसवून खारटपणा जाणार नाही.

जडपणा मोजायचा तर थेंबांचं किट घ्या. साधारण ३०० ते ८०० रुपयांना मिळतं. नमुन्यात रंगद्रव्य टाकलं की पाणी लालसर होतं. मग एकेक थेंब मोजत टाकायचा आणि रंग निळा झाला की थांबायचं. थेंबांच्या संख्येवरून लिटरमागे किती मिलिग्रॅम जडपणा आहे ते निघतं. पक्का अहवाल हवा असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा एखाद्या मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत नमुना द्या.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) २०० पर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं, ते मऊ असतं. त्रास सुरू होतो तो बोअर आणि टँकरपासून. सोसायटीच्या टाकीत हे सगळं पाणी एकत्र होतं, म्हणून एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर मोजा.

नुकसान नेमकं कुठे होतं?

थर मुख्यतः पाणी तापतं तिथे धरतो. समजा, जडपणा ४०० आहे आणि घरात रोज १०० लिटर पाणी गीझरमधून जातं. म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम, वर्षाला साडेचौदा किलो क्षार त्या टाकीतून जातात. त्यांतला दहावा हिस्सा जरी आत राहिला, तरी दीड किलोच्या आसपास चुना साठला.

थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात लवकर उतरत नाही. कॉइल स्वतःच जास्त तापते आणि जळते. ६० अंशांच्या पुढे थर झपाट्याने वाढतो, तेव्हा गीझरचं बटण त्यापलीकडे नेऊ नका. वॉशिंग मशीनमध्ये हीटर असेल तर तिथेही हेच होतं; शिवाय पावडर जास्त लागते आणि पाणी आत येण्याच्या नळीची जाळी तुंबते.

कशाला किती खर्च?

भाव शहर आणि कंपनीनुसार बदलतात. हे ढोबळ अंदाज आहेत.

• सायट्रिक ॲसिड: किलोला १५० ते ३०० रुपये. इलेक्ट्रिक किटलीत एक लिटर कोमट पाण्याला दोन चमचे घालून अर्धा तास ठेवा. बुडबुडे येऊन थर सुटतो. मग दोनदा स्वच्छ पाणी उकळून फेका. शॉवरची जाळी रात्रभर याच पाण्यात बुडवून ठेवा. ब्लीचमध्ये हे कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. कडप्पा, शहाबादी किंवा संगमरवरावर थेंबही सांडू देऊ नका. हे दगड चुन्याचेच असल्याने कायमचे डाग पडतात.

• गीझरची वार्षिक साफसफाई: ५०० ते १,००० रुपये. त्याच वेळी मॅग्नेशियमची कांडी (अ‍ॅनोड) बघायला सांगा. टाकीऐवजी ती झिजते आणि टाकी गंजण्यापासून वाचते. नवी कांडी ४०० ते ८००, कॉइल ५०० ते १,२०० रुपये. कांडीकडे दुर्लक्ष झालं आणि टाकी गळू लागली, तर नव्या गीझरचे सहा ते बारा हजार मोजावे लागतात.

• एका बाथरूमचा किंवा मशीनपुरता सॉफ्टनर: पाच ते वीस हजार.

• अख्ख्या घराचा सॉफ्टनर: २५ ते ६० हजार.

सॉफ्टनरला मीठ लागतं, तो खर्च आधीच धरा. एक ग्रॅम जडपणा काढायला साधारण अडीच ते तीन ग्रॅम मीठ जातं. वरच्या उदाहरणातल्या १०० लिटरसाठी महिन्याला तीन ते साडेतीन किलो मीठ पुरेल. घराचं रोजचं ५०० लिटर पाणी मऊ करायचं म्हटलं, तर १५ ते १८ किलो लागेल आणि ते खारं पाणी गटारात जाईल. संडासच्या फ्लशला आणि फरशी पुसायला मऊ पाणी कशाला? गीझर आणि मशीनकडे जाणारी लाइन तेवढी सॉफ्टनरवर घ्या, असं माझं ठाम मत आहे.

स्वयंपाकघराचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणासाठी जडपणाची मर्यादा ठरवलेली नाही. डाळ शिजायला वेळ लागतो, चहावर तवंग येतो, हा त्रास खरा. पण नुसत्या जडपणाच्या भीतीने आरओ घेऊ नका, कारण त्यात बरंच पाणी वाया जातं. सॉफ्टनरचं पाणी मात्र पिण्याच्या नळाला जोडू नका. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, आणि उच्च रक्तदाब असलेल्यांनी ते टाळलेलंच बरं.

विकत घेताना

१. बसवण्याआधी आणि नंतर जडपणाची चाचणी तुमच्यासमोर थेंबांच्या किटने करून मागा. सॉफ्टनरनंतर टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे ‘टीडीएस कमी करून दाखवतो’ म्हणणारा सॉफ्टनरबद्दल बोलत नाहीये.

२. चुंबकाच्या पट्ट्या पाण्यातले क्षार काढत नाहीत. त्या लावल्यावरही चाचणीत जडपणा तितकाच दिसतो.

३. आतल्या रेझिनची (जडपणा शोषून घेणाऱ्या मण्यांची) क्षमता, मीठ किती दिवसांनी घालायचं आणि वार्षिक देखभालीचा दर लेखी घ्या.

जडपणा २०० च्या आत असेल, तर सायट्रिक ॲसिड आणि गीझरची वार्षिक सफाई एवढ्यावर थांबा. २०० ते ४०० असेल आणि कॉइल वारंवार जात असेल, तर बाथरूमपुरत्या सॉफ्टनरचा विचार करा. त्यापुढे असेल, तर पुढच्या सभेत सोसायटीच्या समितीकडे बोअर आणि टँकरच्या पाण्याचा अहवाल मागा. सामायिक यंत्र बसवलं, तर प्रत्येक घराच्या वाट्याला येणारा खर्च बहुधा कमीच पडेल.