चुलीत काय टाकले की धूर कमी होतो?

हर्सूलच्या वस्तीत महिलांच्या बैठकीला गेलो की हा प्रश्न हमखास येतो: ‘ताई, धूर कमी करायची काही पावडर मिळते का?’ विचारणारीच्या घरी बहुधा सिलिंडर असतो, पण कोपऱ्यात. भरून आणायला पैसे नसतात, म्हणून निदान अंघोळीचे पाणी तरी पऱ्हाट्यांवर तापते. तिला ‘गॅस वापर’ एवढे सांगून आम्ही मोकळ्या होऊ शकत नाही.

अशी वस्तू आहे, हे खरे. युरोपात लाकडाच्या पेलेटवर चालणाऱ्या भट्ट्यांत इंधनात थोडी चिनी माती मिसळून पाहिली गेली आहे. त्याचे कारण शेतात राबणाऱ्याला चटकन कळेल. पऱ्हाट्या, तुराट्या, भुसा यांत पालाश असतो; तो राखेत उरतो म्हणूनच आपण राख शेतात टाकतो. आच प्रखर असली की त्यातला काही पालाश वाफ होऊन उडतो आणि थंड होताना त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात. ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. चिनी माती हा पालाश राखेतच धरून ठेवते.

पण आपल्या चुलीचा धूर वेगळा. तो मुख्यतः अर्धवट जळालेले सरपण आहे: काजळी, डांबरासारखा चिकट अंश आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. पातेल्याच्या बुडाला काय चिकटते ते बघा. त्याला माती धरत नाही. कोणी पुडी विकायला आले तर पैसे देऊ नका.

मीठ तर मुळीच टाकू नका. मिठातला क्लोरीन पालाशाला उडायला मदतच करतो. दृष्ट काढून मीठ-मिरच्या चुलीत टाकणे आपल्या घरांतून गेले, असे आपण सांगतो. बाळ किरकिरले की आजी हळूच टाकतेच, आणि बाळ त्याच खोलीत असते! चूल पेटवायला पन्नी, जुनी चप्पल, टायरचा तुकडा वापरणे त्याहून वाईट.

धूर खरोखर कमी करते ते वाळलेले सरपण. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. दोन लाकडे एकमेकांवर आपटा: टणटणीत आवाज आला तर वाळले, भद्द आला तर आणखी ऊन दाखवा. चूल गच्च भरू नका. काटक्या थोड्या थोड्या सारा, खालून हवा खेळू द्या. पाण्याची चूल घराबाहेर मांडा, पण शेजारणीच्या खिडकीखाली नको. एवढे करूनही गॅसची बरोबरी होत नाही, हेही सांगायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली घरातल्या इंधनाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. बिडीला हात न लावलेल्या बायकांना दम लागतो, तो पुष्कळदा याच धुराने. खोकला दोन आठवडे टिकला तर ‘चुलीचाच असेल’ म्हणून सोडू नका, थुंकी तपासून घ्या.

लहान मुलाला सर्दी-खोकला झाला तर ते शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना छाती खाली आत ओढली जाऊ लागली, तर त्याच वेळी दवाखान्यात न्या, रात्र असली तरी.