कवि दत्त यांचे अल्प आयुष्य

शिराळ्याच्या खेड्यापाड्यांतून लेकरांस शिकविणाऱ्या बंधुभगिनींनो, एक मुलगी शेजारणींस आपली बाहुली पाहावयास बोलाविते, ते गाणे तुम्हांस ठाऊक असेल. मोत्या नावाच्या कुत्र्यास मुळाक्षरे शिकविण्याचा खटाटोप ज्यात आहे, तेही असेल. मात्र ती कोणी रचिली असे विचारिले, तर बहुतेक आपण निरुत्तर होऊ.

त्यांचे नाव दत्तात्रय कोंडो घाटे. 'दत्त' या नावाने ते कविता लिहीत. त्यांचा जन्म 1875 साली त्या काळच्या अहमदनगर जिल्ह्यात झाला, आणि 1899 च्या मार्च महिन्यात, वयाची चोवीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ते निवर्तले. केशवसुत 1905 साली प्लेगने गेले, ते एकोणचाळीस वर्षांचे होऊन. बालकवी ठोमरे 1918 साली भादली येथे आगगाडीखाली सापडले, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. या दोघांची नावे शाळेच्या पुस्तकांनी राखिली. दत्तांची मात्र गाणी राहिली, नाव गळून पडले.

त्यांच्या अंगाईविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. त्या काळच्या कवितेत पाळणा म्हटला की तो बहुधा रामाचा, कृष्णाचा किंवा राजपुत्राचा असावयाचा. दत्तांची आई दरिद्री आहे. सूर्य मावळला आहे, झोपडे जीर्ण झाले आहे. चोराचे भय नाही, कारण नेण्याजोगे घरात काही नाही. झोपडे उभे आहे तोवर निश्चिंत नीज, पुढचे देव पाहील, असे ती बाळास समजाविते. वारणेच्या खोऱ्यात आषाढातल्या रात्री गळत्या छपराखाली ज्यांनी मूल उराशी धरिले आहे, त्यांस या गाण्याचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाही. तेविशीच्या आतबाहेरच्या तरुणाने ते लिहावे, हे मला मोठे नवल वाटते.

दत्त वारले तेव्हा त्यांचा पुत्र विठ्ठल अवघा चार वर्षांचा होता. त्या वयात बापाचा चेहरा तरी कितीसा आठवणार! पण मोठेपणी त्यानेच पित्याच्या कविता गोळा करून 'दत्तांची कविता' या नावाने प्रसिद्ध केल्या. तो शिक्षणखात्यात अधिकारी झाला, स्वतः लेखक झाला. 1953 साली अहमदाबादेस मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी हेच वि. द. घाटे होते.